वालधुनीपलीकडे, टेकचंद मास्तरांच्या सायकलीमागे

दिवाळीच्या सुटीत कुठे गेला होतात, असं शिक्षकांच्या खोलीत कुणी विचारलं आणि मी ‘कॅम्पात’ असं उत्तर दिलं, की विचारणारा क्षणभर थांबतो आणि मग आपल्या महाबळेश्वराविषयी बोलू लागतो. कॅम्प आमच्या कल्याणपासून फार तर तीन-चार मैल. लढाई चालू असताना सैनिकांसाठी तिथे लांबच लांब बराकी बांधल्या होत्या. लढाई संपली, सैनिक गेले, आणि देशाची फाळणी झाल्यावर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना सरकारने तिथे उतरवलं. त्याला दोन वर्षं होऊन गेली. तरी वालधुनीचा ओढा ओलांडून तिकडे चार दिवस राहून आलेला माणूस आमच्या शाळेत नव्हता. मी राहून आलो, म्हणून हे लिहितो आहे.

जाण्याचं कारण टेकचंद मास्तर. कॅम्पातली मुलं आमच्या हायस्कुलात येऊ लागली तेव्हा त्यांच्यासाठी वेगळे वर्ग काढावे लागले, आणि त्या वर्गांना गणित शिकवायला हे आले. पंचेचाळिशीचे, उंच, बंद गळ्याचा कोट, डोक्याला काळी टोपी. हैदराबादेत, म्हणजे निजामाच्या नव्हे, सिंधमधल्या हैदराबादेत, त्यांची उमेदीची वर्षं शाळेत गेलेली. शेजारच्या वर्गात मी भूगोल शिकवत असलो की माझी मुलं भिंतीपलीकडच्या त्यांच्या आवाजाकडे कान देत. तक्रार एकच होती, उशिराची. कॅम्पाच्या दारात आगगाडी थांबत नाही. मास्तर पहाटे निघून चालत येत, आणि वाटेत पायाला फोड, चिखल, मालगाडीपायी बंद झालेलं फाटक, असं काही ना काही आडवं येईच. हेडमास्तरांनी आधी समज दिली होती. सुटीच्या आदल्या दिवशी त्यांनी पुन्हा बोलावून सांगितलं, की नोकरी तात्पुरती आहे, सुटीनंतर वेळेवर येणं जमत नसेल तर दुसरा माणूस पाहावा लागेल.

बाहेर येऊन मास्तर माझ्या शेजारी बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“सावंतसाहेब, अजमेरला माझी मुलगी आहे. जावई रोज बोलावते. जाऊन त्याच्या घरी बसू. दुसरं काय?”

मुलीच्या सासरी जाऊन राहायचं म्हणजे काय, हे मला मालवणात वाढलेल्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको होतं. मी म्हटलं, “मास्तरसाहेब, सायकल का घेत नाही? मी ठाकुर्लीहून सायकलीनेच येतो ना.”

“येत नाही,” ते म्हणाले. “शाळेपासून तीन गल्ल्या सोडून माझा घर होता. कशाला शिकेल?”

माझी बायको त्या वेळी बाळंतपणासाठी देवगडला माहेरी गेली होती. मेहुणा नोकरीला नागपुरास गेल्यापासून त्याची सायकल माझ्या पडवीत उभी होती. सुटीत मला काही काम नव्हतं. मी म्हटलं, “परवा येतो तुमच्याकडे. सायकल घेऊन येतो.”

मास्तरांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. “मी गणित शिकवतो, साहेब. सर्कस नाही.” पण येऊ नका, असं काही ते म्हणाले नाहीत.

ठाकुर्लीहून कॅम्प

एका सायकलीवर बसून दुसरी बरोबर नेणं लोक समजतात तेवढं सोपं नाही. उजव्या हाताने आपलं हँडल धरायचं, डाव्या हाताने दुसरीचं हँडल मधोमध पकडायचं, आणि दोन्हींच्या मनात वेगवेगळं आलं की काय करायचं ते देवावर सोडायचं. पॉवर हाऊसची धुराडी मागे पडेपर्यंत माझं बरं चाललं होतं. पत्री पुलाच्या चढावर उतरून दोन्ही ढकलत नेल्या. उतारावर मात्र मेहुण्याची सायकल माझ्यापुढे धावू लागली आणि मी तिच्यामागे. रुळांवर काम करणाऱ्या गँगमधला एकजण वर बघून ओरडला, “अरे, एक सोड! एक सोड!” कुठली सोडायची ते ठरेपर्यंत उतार संपला होता.

पुढे कल्याणच्या पूर्व बाजूने गेलं की घरं विरळ होतात आणि भातशेती लागते. कापणी चालू होती. आमच्याकडे कोकणात डोंगर समुद्राला चिकटून असल्यामुळे शेताचे तुकडे पायऱ्यापायऱ्यांचे. इथे नजर जाईल तिथवर सपाट. कापलेल्या भाताचा जो एक उबदार, किंचित आंबूस वास असतो, तो मात्र दोन्हीकडे एकच. वालधुनी पावसाळ्यात लोकांना तासन् तास अडवून ठेवते म्हणतात. त्या दिवसांत तिच्यात गुडघाभर पाणी होतं आणि म्हशी बसल्या होत्या.

ओढा ओलांडला आणि थोड्याच वेळात दुकानांच्या पाट्या उजवीकडून डावीकडे वाचायच्या झाल्या. मला त्यातलं एक अक्षर येत नव्हतं. रस्त्याच्या कडेला बाजांवर पापड वाळत होते, इतके की दुरून पांढरी चादर अंथरल्यासारखं दिसावं. आपल्याकडे निर्वासित म्हटलं की हात पसरून बसलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. मला तसा एकही भेटला नाही. जो तो काहीतरी विकत होता: कंगवे, गोळ्या, बनियन, तळलेली भजी. एका म्हाताऱ्याने माझ्या दोन सायकलींकडे पाहून हिंदीत विचारलं, “एक बेचनी है क्या?”

बराक

टेकचंद मास्तरांची बराक लांबलचक होती, आमच्या गावच्या तीन शाळा एकापुढे एक ठेवल्या तर होईल एवढी. आत भिंती नाहीत. दोऱ्या बांधून त्यांवर गोणपाटाचे पडदे सोडलेले, आणि दोन पडद्यांमध्ये एक कुटुंब. मास्तरांच्या वाट्याला दोन बाजा, एक पेटी, एक स्टोव्ह आणि पडद्याला टाचणीने लावलेलं गंगेच्या घाटाचं चित्र. त्या चित्राच्या पलीकडे कुणी खोकत होतं. इकडे मास्तर माझ्याशी हळू बोलत आणि पलीकडून उत्तर येई. सगळ्यांना ते सवयीचं झालेलं होतं.

मी बसताच मास्तरांच्या पत्नी आल्या आणि त्यांनी एका ताटलीत भाजलेला पापड आणि पाण्याचा पेला ठेवला. त्यांचं नाव ईश्वरीबाई. डोक्यावरून ओढणी, हातांत काचेच्या बांगड्या. मी पापड बाजूला ठेवून पाणी प्यायलो, कारण मला वाटलं जेवण येणार आहे आणि पापड त्याच्यासाठी आहे. बराच वेळ जेवण आलं नाही. ईश्वरीबाई पापडाकडे बघत, मग माझ्याकडे बघत.

मास्तर म्हणाले, “साहेब, पापड खात नाही तुम्ही?”

आमच्याकडे उन्हातून आलेल्या पाहुण्याला गूळ आणि पाणी देतात, तसा त्यांच्यात पापड, हे तेव्हा कळलं. मी घाईघाईने खाल्ला. त्याबरोबर पडद्यापलीकडून एक बाई हसली. मास्तरांच्या शेजाऱ्यांनी माझी परीक्षा घेतली होती आणि मी पास झालो होतो.

रात्रीच्या जेवणात कांदा आणि मिरी घातलेली जाड, खमंग रोटी होती. तिला ते कोकी म्हणतात. मी कोकणातला, म्हणून बोलणं माशांवर गेलं. मास्तर म्हणाले, सिंधू नदीतल्या पल्ल्यासारखा मासा जगात नाही. मी म्हटलं, नदीच्या माशाला कसली चव, मासा खावा तर खाऱ्या पाण्यातला. त्यावर पडद्यांच्या दोन्ही बाजूंनी एवढा विरोध झाला की मला माघार घ्यावी लागली. ह्या सगळ्यात ईश्वरीबाई काही बोलल्या नाहीत. त्या वाढत होत्या. झोपायला मला बाहेर ओट्यावर बाज दिली, तेव्हा मास्तर हळूच म्हणाले, “इथे आल्यापासून पाण्याच्या नळापुढे गेली नाही ती. मी म्हणतो बाजारात चल. नाही. मी म्हणतो देवळात चल. नाही. बसते.”

कवायतीचं मैदान

बराकींच्या मागे सैनिकांच्या कवायतीसाठी सपाट केलेली मोठी जागा होती. सकाळी धुकं असताना आम्ही तिथे गेलो. मास्तरांनी कोट घातला होता. मी म्हटलं, “कोट काढा.” ते म्हणाले, “कोण बघेल तर?” मग पायजम्याच्या पायाला सुतळी बांधून, कोट-टोपीसकट, ते सायकलीवर चढले.

मी सीट मागून धरून पळायचं आणि त्यांनी पाय मारायचे, हे ठरलं होतं. पण गणिताचा माणूस. आधी त्यांना समजून हवं होतं. वळताना हँडल किती फिरवायचं? पडायच्या बाजूला की उलट? उलट फिरवलं तर का पडतो? मी म्हटलं, “मास्तरसाहेब, मला माहीत नाही. मी बारा वर्षांचा असताना शिकलो, तेव्हा कुणी विचारू दिलं नव्हतं.” ते चाकाकडे बघत आणि पडत. समोर बघा, लांब बघा, असं मी ओरडत होतो. ते एवढंच म्हणाले, “लांब काय आहे बघायला?” खरंच काही नव्हतं, धुकं होतं.

पहिले दोन दिवस ते पडत राहिले आणि मी धापा टाकत राहिलो. संध्याकाळी बराकीच्या पायरीवर दिवे लागत. दिवाळीचे दिवस, पण आत गोणपाट, म्हणून सगळे दिवे बाहेर, एका ओळीत. प्रत्येक बराकीपुढे अशी ओळ. आमच्याकडे अंगणातल्या तुळशीपाशी दोन पणत्या आणि दारात एक, म्हणजे घराघराचा उजेड वेगळा. इथे कुणाचा दिवा कुठला ते कळत नव्हतं. एखादा विझला तर जो जवळ असेल तो पेटवी. गुडघे शेकत मास्तर आणि मी तिथे बसत असू.

तिसऱ्या सकाळी मी पळता पळता सीट सोडली आणि त्यांना सांगितलं नाही. ते गेले. सरळ रेषेत, मान ताठ, कोटाची टोकं उडताहेत, आणि मैदानाच्या टोकापर्यंत गेले. धुकं तोवर निवळलं होतं. टोकाला आमच्याच शाळेची पाच-सहा मुलं बसली होती. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी मागे वळून पाहिलं, मी नाही हे त्यांना दिसलं, समोर विद्यार्थी दिसले, आणि ते मुलांच्या पुढ्यात आडवे झाले.

कुणी हसलं नाही. मुलं धावत येऊन त्यांना उठवू लागली, कोट झटकू लागली. तेच त्यांना सहन झालं नाही. सायकल मला देऊन ते सरळ बराकीत गेले आणि बाजेवर बसून म्हणाले, “बस. सायकल घेऊन जा, साहेब. तुमचा उपकार आहे. मी अजमेरला कळवतो.”

मी पिशवी भरायला लागलो. तेवढ्यात स्टोव्हपाशी बसलेल्या ईश्वरीबाई सिंधीत काहीतरी बोलू लागल्या. आवाज मोठा नव्हता, पण स्पष्ट होता. पहिल्या वाक्यालाच उजवीकडचा पडदा हलला. दुसऱ्या वाक्याला डावीकडचे गप्प झाले. तिसऱ्याला बराकीच्या त्या टोकापासून ह्या टोकापर्यंत लोक हसले. मास्तर लाल झाले, आणि मग, नाइलाज झाल्यासारखे, तेही हसले.

मी विचारलं, काय म्हणाल्या?

“म्हणते, कराचीपासून मुंबईपर्यंत बोटीत मी उलट्या करत होतो, ते तिने कुणाला सांगितलं नाही. आता ह्या लोखंडाच्या गाढवाला घाबरून जावयाच्या दारात जाशील तर मात्र सगळ्या बराकीला सांगेन.” मग ते म्हणाले, “सांगितलंच की तिने.”

शेजारची म्हातारी पडदा वर करून मला म्हणाली, “बहुत दिन बाद बोली. अब ले जाओ इसको.”

वालधुनीचा उतार

दुपारी आम्ही रस्त्यावर निघालो. मास्तर आता चढू शकत होते आणि चालवू शकत होते. उतरता तेवढं येत नव्हतं. थांबायचं असलं की ते भिंत, खांब किंवा मैलाचा दगड शोधत आणि त्याला पाय टेकत. मी म्हटलं, वालधुनीपर्यंत जाऊ, तोवर ते जमेल.

वालधुनीकडे रस्ता उतरतो, हे चालणाऱ्याला जाणवत नाही. सायकलीला जाणवतं. मी मागे होतो. पुढे भाताच्या पेंढ्याने भरलेली एक बैलगाडी सावकाश चालली होती, एवढी भरलेली की बैल दिसत नव्हते. मास्तरांचा वेग वाढत गेला. घंटी चालत नव्हती. मी आदल्या दिवशी त्यांना ‘बाजूला व्हा’ असं म्हणायला शिकवलं होतं, ते ऐन वेळी आठवलं नाही. ते इंग्रजीत ओरडले, मग सिंधीत ओरडले, आणि मग गाडीच्या मागच्या पेंढ्यात डोक्यापासून कमरेपर्यंत शिरले.

गाडी थांबली. पुढून एक काळा, सडपातळ माणूस उतरून मागे आला आणि पेंढ्यातून बाहेर आलेल्या दोन पायांकडे बघत उभा राहिला.

“कोन हाय आत?” त्याने मला विचारलं.

“मास्तर आहेत,” मी म्हटलं. “शाळेतले.”

“मंग बाहेर या मास्तर,” तो पेंढ्याला म्हणाला.

लागलं काहीच नव्हतं. टोपी मात्र सापडेना. म्हणून आम्ही गाडीबरोबर त्याच्या खळ्यावर गेलो, आणि सगळा पेंढा उतरवल्यावर ती मिळाली. त्याचं नाव पांडू. त्याची बायको चांगुणा खळ्यावर भात वारवत होती. ही इथली मूळची माणसं, पिढ्यान् पिढ्या भातशेती आणि खाडीकडे मिठागरं करणारी. बोलणं आमच्या मालवणीहून निराळं, पण त्यातला मोकळेपणा मला घरचा वाटला. चांगुणाने आम्हाला बसवलं, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी पुढे ठेवली, आणि मास्तरांच्या डोक्याकडे बघत म्हणाली, “कंचे गावचे तुमी? आवाज वेगला वाटतो.”

“सिंध,” मास्तर म्हणाले.

“लांब हाय?”

“हां. लांब.”

“मंग जेवा नीट,” ती म्हणाली आणि आणखी एक भाकरी वाढली.

मास्तरांनी सुकट खाल्ली, आणि खारं पाणी गोड्या पाण्याहून बरं असेलही, एवढं माझ्यासाठी कबूल केलं. मग ते उठले आणि म्हणाले, उतरायला शिकल्याशिवाय ते इथून हलणार नाहीत. खळं शेणाने सारवलेलं, गुळगुळीत आणि मऊ होतं. पांडूने भाताची रास एका बाजूला ओढून घेतली. वेग कमी करायचा, उजवा पाय मागून फिरवून आणायचा, डाव्या पेडलवर उभं राहायचं आणि मग जमिनीवर पाऊल टाकायचं. मास्तर गोल फिरत राहिले, पाय फिरवत राहिले, पडत राहिले. पांडू बिडी ओढत बसून सांगे, “आता! आता टाक पाय!” उन्हं कलली तेव्हा त्यांनी पाय टाकला आणि ते उभे राहिले. चांगुणा सूप खाली ठेवून म्हणाली, “जालं येकदाचं. आता आमचा भात आमाला वारवू दे.”

शाळा उघडली तो दिवस

पुढचे दिवस आम्ही कॅम्प ते शाळा आणि शाळा ते कॅम्प असं करत राहिलो. मी ठाकुर्लीला परतलो तेव्हा मेहुण्याची सायकल तिथेच ठेवली. ठरलं असं, की शाळा उघडेल त्या सकाळी मी वालधुनीवर थांबायचं आणि तिथून दोघांनी बरोबर जायचं. भातगाड्या, फाटक, बाजारातली गर्दी, हे त्यांनी पहिल्यांदा एकट्याने करू नये असं मला वाटत होतं.

मी लवकर जाऊन थांबलो. गार वारं होतं. म्हशी आल्या, दूधवाले गेले, कॅम्पातली शाळेची मुलं चालत गेली. मास्तर येईनात. उतारावर लांबवर काही हललं की मी सायकल सरळ करी, आणि ती बैलगाडी निघे. मग माझ्या मनात नको ते येऊ लागलं. ते पडले असतील. किंवा निघालेच नसतील. रात्री उठून अजमेरची गाडी धरली असेल तर? मी सायकल वळवली आणि पाय मारत कॅम्पात गेलो.

ईश्वरीबाई बराकीच्या दारात होत्या. मला पाहून त्या घाबरल्या आणि मी त्यांना पाहून. हिंदीत विचारलं, मास्तर कुठे?

“गए,” त्या म्हणाल्या. “अँधेरे में गए.”

मग मी शाळेपर्यंत कसा आलो ते सांगत नाही. फाटकाने नेमकं मला अडवलं. मी पोहोचलो तेव्हा प्रार्थना होऊन गेली होती आणि हेडमास्तर व्हरांड्यात हात मागे बांधून उभे होते.

“सावंत,” ते म्हणाले, “सुटी कालच संपली.”

मी मान खाली घालून त्यांच्यापुढून गेलो. शेजारच्या वर्गातून तो आवाज येत होता. दारातून पाहिलं तर टेकचंद मास्तर फळ्यावर वर्तुळ काढत होते, आणि पायजम्याला सुतळी अजून बांधलेली होती.

मधल्या सुटीत कळलं ते असं. रस्त्यात कुणी बघू नये म्हणून ते उजाडायच्या आधी निघाले, वालधुनी माझ्याआधीच ओलांडली, आणि शाळेत इतक्या लवकर आले की शिपायाने फाटकही उघडलं नव्हतं. ते बाहेर दगडावर बसून राहिले. सगळ्यात आधी आले ते हेडमास्तर.

“काय म्हणाले?” मी विचारलं.

“काही नाही. विचारलं, घड्याळ पुढे गेलंय का.” मग माझा घामाने भिजलेला सदरा त्यांनी पाहिला. “साहेब, तुम्ही माझी वाट बघितली?”

“थोडी,” मी म्हटलं.

त्यांनी त्यांच्या डब्यातली कोकी अर्धी मोडून मला दिली. त्या दिवसानंतर त्यांच्या उशिराचा विषय शाळेत निघाला नाही.

देवळामागचं तळं

थंडी पडल्यावर एका संध्याकाळी मास्तरांनी मला जेवायला बोलावलं म्हणून आम्ही बरोबर निघालो. पांडूच्या गावाशी रस्ता खोदलेला होता, त्यामुळे गावातून वळून जावं लागलं. देवळामागे एक तळं आहे, ते मी त्याआधी पाहिलं नव्हतं. पाण्यावर कमळाची पानं, बरीचशी पिवळी पडून वाकलेली, आणि मधे सुकलेले देठ उभे. मास्तर बोलता बोलता थांबले आणि सायकलीवरून उतरले.

“बीह,” ते म्हणाले.

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. कमळाच्या पानांखाली, चिखलात, मनगटाएवढी जाड मुळं असतात. सिंधमध्ये ती रोजच्या जेवणात. सणाला हवीत, पाहुणा आला की हवीत, आजाऱ्याला हवीत. इथे येऊन त्यांनी बाजार पालथा घातला होता आणि लोक त्यांना बटाटे दाखवत होते.

पांडू तळ्याकाठी बैल धूत होता. त्याला विचारलं तर तो हसू लागला. “फुलां देवाला नेतात. खाली काय हाय ते कोन बगतंय? चिखल हाय. तुमी चिखल खाता, मास्तर?” पण लंगोट कसून तो उतरला, कमरेइतक्या पाण्यात चाचपत राहिला, आणि बऱ्याच वेळाने काळ्या चिखलात माखलेली दोन-तीन लांब मुळं त्याने काठावर फेकली. मास्तरांनी ती रुमालात गुंडाळून कॅरिअरला बांधली. घरी जाईपर्यंत मागे वळून वळून बघत होते.

ईश्वरीबाईंनी रुमाल सोडला. उठून नळावर गेल्या, मुळं धुतली, आणि तिथेच विळी मागवून एक चिरलं. गोल चकती, तिला आरपार भोकं, आणि चिरलेल्या दोन तुकड्यांमध्ये लांबणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे. नळावरच्या बायका आपापल्या बादल्या सोडून भोवती जमल्या. एकच गलका झाला. त्या रात्री मास्तरांच्या बाजेवर जेवायला मी एकटा पाहुणा नव्हतो. दोन्हीकडचे पडदे वर बांधून ठेवले होते, आणि ती दोन-तीन मुळं एवढ्यांच्यात वाटली गेली की माझ्या वाट्याला चारच चकत्या आल्या. चव सौम्य, शिंगाड्याच्या जवळची, दाताखाली करकरतात. मला त्या आवडल्या असं म्हणालो तर ते अर्धंच खरं, कारण मी खाण्यापेक्षा खाणाऱ्यांकडेच जास्त बघत होतो.

जेवणं झाल्यावर ईश्वरीबाईंनी पहिल्यांदाच मला आपण होऊन विचारलं, “तालाब कितना बड़ा है?”

मी हातांनी दाखवलं. त्यांना ते पटलं नाही.

रविवारी ईश्वरीबाईंना घेऊन आम्ही तळ्याकडे निघालो. कॅम्पाचा बाजार संपेपर्यंत त्या चालत आल्या, मास्तर सायकल ढकलत बरोबर. मोकळा रस्ता लागल्यावर त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, ओढणी घट्ट केली आणि कॅरिअरवर बसल्या. सायकल एकदा इकडे गेली, एकदा तिकडे, मग सरळ चालू लागली. मी मागून येत होतो. त्यांनी मास्तरांचा कोट दोन्ही मुठींनी धरला होता आणि त्या शेतांकडे बघत होत्या, डावीकडची संपली की उजवीकडच्या.

तळ्यावर चांगुणा कपडे धूत होती. ईश्वरीबाई काठावर थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग चपला काढल्या, सलवार गुडघ्यावर दुमडली आणि पाण्यात शिरल्या.

“अगो बाय, खोल हाय तिकरं!” चांगुणा ओरडली.

त्यांना भाषा कळत नव्हती, आणि कळली असती तरी त्या थांबल्या नसत्या. कमरेपर्यंत पाणी आल्यावर त्या उभ्या राहून पायाच्या बोटांनी चिखल चाचपू लागल्या. चेहरा वर, डोळे मिटलेले. मग एकदम वाकल्या आणि हातभर लांबीचं अखंड मूळ त्यांनी वर काढलं. पांडूने काढलेली सगळी तुटकी होती. चांगुणा कपडे टाकून काठावर आली. दुसरं निघालं, तिसरं निघालं. चौथ्याच्या वेळी चांगुणा लुगड्याचा काष्टा वर खोवून स्वतःच पाण्यात उतरली. ईश्वरीबाईंनी तिचा हात धरून तिचा पाय कुठे ठेवायचा ते दाखवलं, ती घसरली, दोघी मिळून पाण्यात बसल्या, आणि गळ्यापर्यंत भिजून हसत सुटल्या.

मास्तर हातात बायकोच्या चपला घेऊन काठावर उभे होते.

ऊन उतरायला लागलं तेव्हा त्यांनी हाक मारली, निघू या म्हणून. ईश्वरीबाई आणि चांगुणा देवळाच्या पायरीवर मुळं धूत बसल्या होत्या. एकजण सिंधीत बोलत होती, दुसरी आपल्या बोलीत, आणि कुणीच थांबत नव्हतं. ईश्वरीबाईंनी मान वळवून नवऱ्याला काहीतरी सांगितलं.

“काय म्हणतात?” मी विचारलं.

“म्हणते, तू जा. घरी जाऊन कोरडे कपडे घेऊन ये. मी इथे बसते.” मास्तर गोंधळले होते. त्यांनी सिंधीत विचारलं. शब्द मला कळले नाहीत, पण काय विचारलं ते कळलं. एकटी बसशील?

त्यांनी भिजलेल्या हाताने शेजारच्या चांगुणाकडे बोट दाखवलं आणि पुन्हा मुळं धुवायला लागल्या.

मास्तरांनी चपला पायरीवर नीट जोडून ठेवल्या. मग सायकल रस्त्यावर आणली, टांग मारली आणि रिकामं कॅरिअर घेऊन कॅम्पाच्या दिशेने निघाले, इतक्या भरभर, की मला त्यांना गाठता आलं नाही.